कोकणातल्या जमिनीवर टिकेल अशी बॉडी : जुन्या धाटणीच्या रिमोट गाड्यांसाठी निवड, कापणी आणि जोडणी

जुन्या धाटणीच्या रिमोट गाडीत सर्वांत आधी निकामी होते ती बॉडी. चॅसीस, म्हणजे चाके आणि मोटार ज्यावर बसतात तो सांगाडा, वर्षानुवर्षे चालते, मोटार बदलता येते, गिअर स्वस्तात मिळतात. पण ज्या रूपावर भाळून आपण गाडी घेतलेली असते, ते रूप ज्या पातळ कवचात सामावलेले असते ते कवच एका वाईट धडकेत नाकापासून काचेपर्यंत फाटते. टामिया या जपानी कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रिमोट गाडी आणली, १९७९ मध्ये सँड स्कॉर्चर आली, १९८४ मध्ये ग्रासहॉपर आणि हॉर्नेट आल्या, आणि यांपैकी अनेक गाड्या २००४ नंतर पुन्हा बाजारात आल्यामुळे आज त्या शर्यतीत उतरवणारे लोक आपल्याकडेही आहेत. अशा गाडीची नवी बॉडी परदेशातून मागवायची म्हणजे किंमत, वाहतूक, सीमाशुल्क आणि काही आठवड्यांची वाट, असा सगळा खर्च पदरी पडतो. म्हणून ती पहिल्यापासून नीट निवडणे आणि नीट बसवणे आवश्यक आहे.

बहुतेक लोक टिकाऊपणाचा विचार जाडीपासून सुरू करतात. माझे मत निराळे आहे. धडकेचा जोर बॉडीतून चॅसीसकडे कोणत्या वाटेने जातो आणि त्या वाटेवर एखादी खाच, काटकोनी कोपरा किंवा ओबडधोबड भोक येते का, यावर बॉडीचे आयुष्य अवलंबून असते. पुढील सर्व पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : जमीन आणि वर्ग ठरवा

दुकानाचे पान उघडण्याआधी गाडी कुठे धावणार आहे ते निश्चित करावे, कारण कोकणात तासाभराच्या अंतरात जमीन चार प्रकारची मिळते. रत्नागिरी, राजापूर, देवगड या भागातला कातळसडा जांभ्याचा असतो. जांभ्याचा पृष्ठभाग छिद्राछिद्रांचा आणि खरखरीत असल्यामुळे गाडी उलटून घसरली, की छपराचे आणि मागच्या पंखाचे प्लास्टिक कानसीने घासल्यासारखे निघते. वाडीतली लाल मातीची मैदाने त्यामानाने मऊ असतात, पण त्यांच्या कडेला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा असतो आणि गाडी सरळ त्यावर जाऊन आदळते. पुळणीवर धडका कमी, पण बारीक वाळू आणि मीठ सर्वत्र शिरते. सिमेंटचे खळे किंवा शाळेचे डांबरी पटांगण हे वेगाचे ठिकाण असून तिथे नुकसान बहुधा गाडीवर गाडी आदळून होते.

जांभ्यावर धावणाऱ्या बग्गीला घासण्याला तोंड देणारे जाड छप्पर हवे. डांबरावर धावणाऱ्या टूरिंग गाडीला, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीच्या आकाराच्या गाडीला, पुढचे कोपरे सोसणारे हवेत. पुळणीवर धावणाऱ्या गाडीला वाळू बाहेर निघून जाईल अशी, धुवायला सोपी बॉडी हवी. पुळणीबद्दल एक विनंती इथेच करतो. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. त्या दिवसांत त्या वाळूवर गाडी मुळीच नेऊ नये, दुसरी जागा शोधावी.

जमिनीनंतर वर्ग. जुन्या धाटणीत साधारण तीन प्रकार येतात. एक, ऐंशीच्या दशकातल्या बग्ग्या आणि मोठ्या चाकांच्या गाड्या. दोन, एकास दहा प्रमाणातल्या टूरिंग चॅसीसवर चढवलेल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांच्या बॉड्या. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या ट्रान्स-ॲम शर्यतींच्या स्मरणार्थ या वर्गाला व्हिंटेज ट्रान्स-ॲम म्हणतात आणि त्यात कमारो, मस्टँग, बाराकुडा या आकारांना मागणी असते. तीन, टामियाच्या एम चॅसीस या आखूड सांगाड्यावरच्या छोट्या गाड्या, ज्यांत जुनी मिनी कूपर सर्वांना परिचित आहे. आपल्या गटात कोणत्या काळापर्यंतची बॉडी चालेल, चाकांच्या कमानी किती मोठ्या कापता येतील, बंपर ठेवणे सक्तीचे आहे का, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. बॉडी एकदा कापली, की नियमाला धरून ती पुन्हा जोडता येत नाही.

दुसरी पायरी : प्लास्टिक ओळखा

शर्यतीच्या पारदर्शक बॉड्या पॉलिकार्बोनेटच्या असतात. लेक्सन हे त्याचे एक व्यापारी नाव इतके रुळले आहे, की कोणत्याही पारदर्शक बॉडीला लेक्सन म्हटले जाते. पॉलिकार्बोनेट वाकते, दबते आणि बहुतेक वेळा पुन्हा मूळ आकाराला येते. धडकेचा जोर ते पूर्णपणे अडवत नाही, लवून पुढे जाऊ देते. दुसरीकडे साच्यात ओतलेल्या कठीण प्लास्टिकच्या बॉड्या असतात. त्यांत रेषा फार ठसठशीत उमटतात, लोखंडी जाळी, दिव्यांच्या कडा, दाराच्या बिजागऱ्या अशा बारीक गोष्टी स्पष्ट दिसतात, पण जोराच्या धडकेत त्या तडकतात.

यातला फरक पाहण्यासाठी ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन गाड्या शेजारी ठेवाव्यात. दोन्ही एकाच वर्षातल्या, दोन्हींची चॅसीस मुळात एकाच जातीची. पण ग्रासहॉपरची बॉडी कठीण प्लास्टिकची आणि हॉर्नेटची पॉलिकार्बोनेटची आहे. गडग्याच्या मैदानात महिनाभर चालवल्यानंतर ग्रासहॉपरच्या स्क्रूच्या जागांभोवती केसासारखे तडे दिसू लागतात, तर हॉर्नेटच्या बॉडीवर ओरखडे येतात, पण ती अखंड राहते. तरीही कठीण बॉडीला मी कमी लेखत नाही. तिचे तुटलेले तुकडे प्लास्टिक सिमेंटने रासायनिकरीत्या एकजीव करता येतात, मागून पट्टी लावून सांधा मूळ भागापेक्षा बळकट करता येतो. पॉलिकार्बोनेट या सिमेंटने असे एकजीव होत नाही. सँड स्कॉर्चर किंवा लंच बॉक्ससारख्या गाड्यांची खरी ओळख कठीण बॉडीतच आहे. अशा गाडीसाठी दोन बॉड्या ठेवाव्यात : मूळ बॉडी प्रदर्शनाला, आणि पातळ पॉलिकार्बोनेटची प्रत मिळत असल्यास ती शर्यतीला.

स्वस्त बॉड्यांबाबत सावध राहावे. काही बॉड्या दिसायला पॉलिकार्बोनेटसारख्या असतात, पण त्या पीव्हीसीच्या किंवा पीईटीजीच्या असतात. हातात बॉडी आली, की कडेचा टाकाऊ भाग कापून तो बोटांनी पूर्ण दुमडावा आणि दोन-तीनदा उलटसुलट वाकवावा. चांगले पॉलिकार्बोनेट वळते, घडी राहते, पण एकदम तुटत नाही. पीव्हीसीवर घडीच्या रेषेत पांढरा पट्टा उमटतो आणि लवकरच चीर पडते. कठीण पॉलिस्टायरीन तर कट् करून मोडते. जाळून परीक्षा करू नये, कारण पीव्हीसी जळताना घातक आम्लयुक्त धूर सुटतो.

त्रिमितीय छपाई करून बॉडी बनवणारेही आता वाढले आहेत, आणि ज्यांना पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरचा आकार हवा आहे त्यांच्यापुढे फारसा पर्याय नसतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीच्या मागच्या काचेखाली ठेवलेली पीएलएची बॉडी वाकडी होणारच. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत, एबीएस १०० अंशांच्या थोडे वर आणि पॉलिकार्बोनेट १४५ अंशांच्या आसपास तग धरते. छापलेल्या बॉडीत थरांच्या सांध्यावर चीर पडते, म्हणून अशी बॉडी धडकाधडकीच्या वर्गात उतरवू नये.

आपल्याकडे एक वेगळा मार्गही आहे. मालवण-रत्नागिरीच्या पट्ट्यात होड्या आता मोठ्या प्रमाणात फायबरच्या बनतात आणि चटई, रेझिन, जेलकोट हाताळणारे कारागीर सापडतात. त्यांच्याकडून एखादी ट्रकची किंवा लाल एसटीची बॉडी करून घेता येते. ती जड होते, पातळ कडांवर फुटते आणि फुटली की काटे निघतात. वेगाच्या शर्यतीला ती अयोग्य आहे. मात्र मोठ्या चाकांच्या संथ गाडीवर ती शोभते, आणि दुरुस्ती गावातच होते. ज्यांना स्वतः निर्वात पद्धतीने पॉलिकार्बोनेट साच्यावर ओढायचे आहे त्यांनी हेही जाणून घ्यावे, की हा पत्रा हवेतली ओल शोषतो आणि आकार देण्यापूर्वी त्याला साधारण १२० अंशांच्या भट्टीत काही तास सुकवावे लागते, नाहीतर तापताच त्यात बुडबुडे येतात. कोकणातल्या दमट हवेत ही पायरी वगळून चालतच नाही.

तिसरी पायरी : जाडी आणि वजन यांचा मेळ

बाजारात ०.५, ०.७५ ते ०.८, १ आणि १.५ मिलिमीटरच्या पत्र्यापासून ओढलेल्या बॉड्या मिळतात. सांगितलेली जाडी ही पत्र्याची मूळ जाडी असते. साच्यावर ताणला गेल्यावर तो सर्वत्र तितका राहत नाही. जिथे साचा खोल आहे, म्हणजे पुढच्या ओठाचे कोपरे, मागच्या बंपरची टोके, चाकांच्या कमानींच्या कडा, तिथे तो सर्वांत पातळ होतो. आणि धडकही नेमकी तिथेच बसते. बॉडी हातात आल्यावर उजेडासमोर धरून या कोपऱ्यांवर अंगठ्याने हलके दाबून पाहावे. छपराच्या मानाने कोपरा फारच लिबलिबीत लागत असेल, तर जाडीचा छापील आकडा काहीही असला तरी ती बॉडी पुढून लवकर फाटेल.

वजनाचा हिशोब सोपा आहे. पॉलिकार्बोनेटची घनता सुमारे १.२ असल्याने एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन १.२ किलो भरते. टूरिंग बॉडीचे क्षेत्रफळ साधारण ०.१५ चौरस मीटर धरले, तर जाडी पाव मिलिमीटरने वाढवताच सुमारे ४५ ग्रॅम वाढतात. हे वजन गाडीच्या सर्वांत उंच भागात बसते, त्यामुळे वळणावर गाडी उलटण्याची शक्यता वाढते आणि उलटली की बॉडीच घासते. म्हणून डांबरावरच्या टूरिंग गाडीला ०.७५ ते ०.८ मिलिमीटर पुरेशी आहे आणि तीच माझी पसंती. कातळावरच्या बग्गीला १ मिलिमीटर घ्यावी. तिचा आकारच लहान असतो, त्यामुळे वाढीव वजन जाणवत नाही. १.५ मिलिमीटर जड ट्रकसारख्या गाड्यांसाठी. ०.५ मिलिमीटरची हलकी बॉडी आपल्या मैदानांवर घेऊ नये.

चौथी पायरी : आकार वाचा

दोन बॉड्यांची जाडी सारखी असली, तरी आकारामुळे एक टिकते आणि दुसरी टिकत नाही. बॉनेटवरचा उंचवटा, दारावरून जाणारी कडक रेषा, छपराची किंचित गोलाई यांमुळे पत्र्याला कणा मिळतो. विस्तीर्ण सपाट बॉनेट असलेल्या साठच्या दशकातल्या मोठ्या गाड्या दिसायला देखण्या असतात, पण त्यांचे बॉनेट आत बसते आणि घडीच्या रेषेवर पांढरी चीर धरते. पुढच्या चाकांच्या पुढे किती लांब नाक निघाले आहे ते मोजावे. जितके नाक लांब तितकी तरफ मोठी, आणि तिला आतून आधार द्यायला फोम बंपर तिथपर्यंत पोहोचायला हवा. काचेभोवतीचे खांब पातळ असतील आणि काच कापून काढण्याची पद्धत असेल, तर छप्पर खाली बसण्याचा धोका वाढतो. शर्यतीच्या गाडीत काच कापू नये, पारदर्शक तशीच ठेवावी.

वेगळे जोडायचे आरसे, क्रोमचे बंपर, वायपर, धुराडी हे सगळे पहिल्याच फेरीत जाणारे भाग आहेत. ते स्टिकरने दाखवता आले तर उत्तम. चालकाचा पुतळा आणि उघडा सांगाडा असलेल्या बग्ग्यांत पुतळ्याचा बैठा तळ चॅसीसला न लावता बॉडीलाच लावलेला असतो. तिथे स्क्रूऐवजी दुतर्फा फोम टेप वापरली, तर उलटल्यावर पुतळा सुटून बाजूला पडतो, बॉडी फाटत नाही.

पाचवी पायरी : मापे

टूरिंग चॅसीसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर बहुधा २५७ मिलिमीटर असते आणि बॉड्या १९० किंवा २०० मिलिमीटर रुंदीच्या येतात. एम चॅसीसमध्ये २१०, २२५ आणि २३९ मिलिमीटर अशी तीन अंतरे आहेत. स्वतःच्या गाडीवर पट्टी लावून माप घ्यावे आणि टायर बॉडीच्या कडेबाहेर येत नाही हे पाहावे. बाहेर आलेला टायर दुसऱ्या गाडीच्या कमानीत शिरतो, आणि मग दोघांच्याही बॉड्या फाटतात.

सहावी पायरी : कापणी, जिथे बॉडीचे आयुष्य ठरते

पॉलिकार्बोनेट खाचेला फार संवेदनशील आहे. अखंड पत्रा हातोडीचा घाव सोसतो, पण कडेला नखभर खाच असेल तर तोच पत्रा कागदासारखा पुढे फाटत जातो. त्यामुळे कापताना सुरी घसरून उठलेला बारीक ओरखडाही मी सोडत नाही.

आधी आतल्या बाजूने, कापण्याची रेषा मार्करने ठळक करावी. लांब सरळ रेषांसाठी नव्या पात्याच्या सुरीने हलक्या हाताने तीन-चारदा एकाच रेघेवरून ओढावे आणि मग तो भाग मागेपुढे वाकवून तोडावा. सुरी आरपार घालण्याचा प्रयत्न करू नये. चाकांच्या कमानींसाठी वक्र पात्याची कात्री वापरावी. कात्री बंद करत शेवटपर्यंत दाबली, की पात्याच्या टोकाशी एक सूक्ष्म चीर पडते, म्हणून पाते अर्धे बंद करून पुढे सरकवत राहावे. कमान जिथे खालच्या कडेला मिळते तिथला कोपरा नेहमी तीक्ष्ण येतो. हा कोपरा कधीही काटकोनी ठेवू नये. किमान तीन-चार मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी. मग ४०० आणि त्यानंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सर्व कडा पाणी लावून घासाव्यात. बोट कडेवरून फिरवताना कुठेही अडकले नाही, की कड तयार झाली. हे काम कंटाळवाणे आहे, एक पूर्ण संध्याकाळ जाते, पण टिकाऊपणासाठी यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

मोटार आणि तिचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर थंड राहावेत म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवेसाठी झरोके पाडावेच लागतात. मागच्या काचेत किंवा मागच्या पट्टीत गोल भोके पाडावीत, चौकोनी खिडक्या नव्हे. चौकोनाचा प्रत्येक कोपरा ही तयार चीर असते.

सातवी पायरी : खांब, भोके आणि फोम

चॅसीसवरचे बॉडी पोस्ट, म्हणजे बॉडी ज्यांवर बसते ते उभे खांब, आणि बॉडीतली त्यांची भोके ही धडकेच्या वाटेवरची सर्वांत नाजूक जागा. भोकाची जागा ठरवण्यासाठी पोस्टच्या टोकांना ओला रंग किंवा ओली शाई लावून बॉडी अलगद टेकवावी आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून ठरवावे. आधी बारीक भोक, मग रीमर या भोक रुंदावण्याच्या निमुळत्या हत्याराने हळूहळू मोठे करावे. मोठ्या ड्रिलने एकदम पाडलेल्या भोकाच्या कडेला तीन टोकांचे फाटके तोंड तयार होते. भोक पोस्टपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठे असावे, म्हणजे धडकेत बॉडी थोडी सरकते आणि ताण भोकाच्या कडेवर येत नाही. घट्ट भोक नीटनेटके दिसते, पण तेच प्रथम फाटते.

भोकाभोवती आतून, रुपयाच्या नाण्याएवढी, पॉलिकार्बोनेटच्या टाकाऊ पट्टीची चकती चिकटवून मध्ये तितकेच भोक पाडावे. शर्यतीच्या वेळी बॉडी पोस्टवर अडकवून धरणारी क्लिप फार दाबून बसवू नये. बॉडी पोस्टवर किंचित वर-खाली हलायला हवी. क्लिप स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. साध्या स्टीलच्या क्लिप खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात गंजतात आणि गंजाचा डाग रंगाखाली उतरतो.

आता फोम. पुढचा फोम बंपर असा कापावा, की बॉडीच्या नाकाची आतली बाजू त्याला हलकी टेकलेली असेल. मधे बोटभर पोकळी राहिली, तर धडकेत पहिल्यांदा नाक एकटे आत जाते, फाटते, आणि मग फोमचे काम सुरू होते. फोम टेकलेला असला, की जोर थेट चॅसीसकडे जातो. हीच गोष्ट मागच्या बाजूला कुणी करत नाही, पण गडग्याला पाठ आदळणाऱ्या बग्गीला मागेही फोमचा तुकडा लावणे फायद्याचे ठरते. बॉडीची उंची ठरवताना सस्पेन्शन पूर्ण दाबून पाहावे. टायर कमानीला घासत असेल, तर काही फेऱ्यांतच रबर प्लास्टिक खाऊन जाते.

आठवी पायरी : रंग

पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला आतून रंग देतात, त्यामुळे बाहेरून जांभ्यावर घासली तरी रंग शाबूत राहतो. रंग पॉलिकार्बोनेटसाठीच बनवलेला असावा, उदाहरणार्थ टामियाची पीएस मालिका. टीएस मालिका कठीण प्लास्टिकसाठी आहे. ती पॉलिकार्बोनेटवर मारली, तर बॉडी वाकताच पापुद्रे निघतात. उलट पीएस रंग कठीण प्लास्टिकला खातो. रंगाचे डबे ज्वलनशील असल्यामुळे विमानाने येण्यात अडचणी येतात, म्हणून आगोटीच्या आधी मागवून ठेवावेत.

आत भांड्यांच्या सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, काचांवर मास्किंग चिकटवावे. आतून रंग देताना गडद रंग आधी आणि फिका नंतर असा क्रम ठेवावा, कारण फिक्यामागे गडद आला तर तो बाहेर दिसतो. फिक्या आणि झळझळीत रंगांमागे पांढऱ्याचा थर द्यावा. थर पातळ आणि अनेक; एकच जाड थर बॉडी लवताना तडकतो.

सर्वांत जास्त लक्ष हवेकडे द्यावे. दमट हवेत रंगातला द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर ओल धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. जून ते सप्टेंबर आणि मळभ असलेल्या दिवशी फवारणी टाळावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान, पडवीत वारा थेट न लागणाऱ्या जागी काम करावे, तोंडावर द्रावकाच्या वाफेचा मास्क लावावा. बाहेरची संरक्षक फिल्म सर्वांत शेवटी काढावी.

नववी पायरी : आतून मजबुती

रंग पूर्ण वाळल्यानंतरच हे काम. जिप्सम बोर्डाच्या सांध्यांवर लावतात ती फायबरच्या जाळीची टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती पुढचे कोपरे, नाकाची आतली कड, कमानींच्या मागचा भाग आणि भोकांच्या भोवती आतून बसवून वर चपला-बूट चिकटवण्याचा लवचीक रबरी गोंद पातळ पसरावा. गोंद वाळल्यावर रबरासारखा लवणारा हवा. कडक होणारा गोंद किंवा एपॉक्सी वापरल्यास त्याच्या कडेपाशीच बॉडी मोडते. अशा गोंदातले द्रावक काही वेळा रंग आणि प्लास्टिक दोन्हीला बाधतात, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर रंग देऊन त्यावर लावून दुसऱ्या दिवशी तो वाकवून पाहावा.

सगळी बॉडी आतून मढवण्याचा मोह आवरावा. वजन वाढते, आणि लवण्याची जागाच न उरल्याने धडक सरळ भोकांवर जाते. छपराला जाळी लावू नये. तिथे घासणे हाच प्रश्न असतो, आणि त्यासाठी बाहेरून पारदर्शक जाड टेपची पट्टी पुरते.

दहावी पायरी : खारा वारा, ऊन आणि रसायने

पुळणीवरून आल्यावर बॉडी कोरड्या फडक्याने पुसू नये. पॉलिकार्बोनेट वाळूपेक्षा बरेच मऊ आहे आणि पुसण्यानेच ओरखडे येतात. आधी गोड्या पाण्याची धार सोडावी, वाळू वाहून जाऊ द्यावी, मग साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. ॲसिटोन, पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव लावू नयेत. याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून वापरायचे थ्रेडलॉकर. ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटला आणि एबीएसला ते लागले, तर काही तासांतच चिरांचे जाळे पसरते. ज्या स्क्रूचा प्लास्टिकशी संबंध येतो तिथे ते न लावता नायलॉनची लॉकनट वापरावी.

अतिनील किरणांनी पॉलिकार्बोनेट पिवळे पडते आणि ठिसूळ होते, त्यामुळे बॉडी खिडकीशी किंवा पागोळ्यांखालच्या फळीवर मांडून ठेवू नये. पावसाळ्यात धुऊन, पूर्ण कोरडी करून, छपरावर भार न पडेल अशी लाकडी ठोकळ्यावर बसवून डब्यात सिलिकाच्या पुड्यांसह ठेवावी. स्टिकरच्या कडांना बुरशी धरते, ती दिसताच स्टिकर काढून जागा धुवावी.

अकरावी पायरी : चीर दिसली तर

प्रत्येक शर्यतीनंतर बॉडी उजेडासमोर धरून कडा आणि भोके पाहावीत. चीर सापडली, की तिच्या अगदी टोकाशी दीड ते दोन मिलिमीटरचे भोक पाडावे. ताण गोल कडेवर विभागला जातो आणि चीर पुढे जात नाही. टोक नेमके कुठे आहे ते दिसत नसेल, तर बॉडी हलकी वाकवून पाहावी. चीर उघडते आणि टोक चमकते. भोक टोकाच्या मागे पडले, तर चीर पुढे चालूच राहते. त्यानंतर आतून जाळी आणि लवचीक गोंद. तुकडा निघून गेलेला असेल, तर टाकाऊ पट्टीतून ठिगळ कापून, कोपरे गोल करून, आतून तसेच बसवावे. कठीण प्लास्टिकच्या बॉडीत मात्र प्लास्टिक सिमेंट आणि मागून पट्टी हाच योग्य मार्ग आहे.

पुढचे दोन्ही पोस्टचे भोक फाटून नाकाच्या कडेपर्यंत चीर पोहोचली, किंवा छपराच्या खांबांवर पांढरी घडी उमटली, की ती बॉडी शर्यतीतून काढावी. पण ती टाकू नये. पोस्टची भोके, कमानींचा घेर, ओठाची उंची, फोम टेकतो ती जागा हे सगळे तिच्यावर आधीच सिद्ध झालेले असते. त्याच आकाराची नवी बॉडी आली, की जुनी तिच्या आत घालून उजेडासमोर धरावी आणि भोकांची ठिकाणे व कापण्याच्या रेषा मार्करने थेट उतरवून घ्याव्यात. जिथे जुनी फाटली होती, तिथे नव्या बॉडीत जाळी आणि गोलाई आधीच द्यावी.